रोगाचा स्वाभाविक क्रम : एका वैद्यकीय कल्पनेचा इतिहास

१

रोगाला आरंभ असतो, वाढ असते, काही काळ लोपून राहण्याची अवस्था असते आणि शेवट असतो, ही गोष्ट आज वैद्यकाच्या विद्यार्थ्यास इतकी परिचित झालेली आहे की, ह्या कल्पनेलाही स्वतःचा इतिहास आहे हे सहसा ध्यानात येत नाही. सामाजिक वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत रोगाच्या ‘नैसर्गिक इतिहासा’ची आकृती आरंभीच दिलेली असते. रोगकारकाचा देहाशी संबंध येण्यापूर्वीचा काळ, संबंध आल्यानंतरचा परंतु लक्षणे प्रकट होण्यापूर्वीचा काळ, लक्षणांचा काळ आणि अखेर बरे होणे, अपंगत्व किंवा मृत्यू, अशी तिची मांडणी असते. ही आकृती पाहताना असा भास होतो की, हा क्रम निसर्गाने लिहून ठेवलेला होता व शास्त्रज्ञांनी तो केवळ वाचून घेतला.

वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. रोगाचा स्वाभाविक क्रम म्हणजे उपचारांनी न बदललेला क्रम. तो जाणून घ्यावयाचा तर कोणी तरी रुग्ण उपचारावाचून राहिलेला असला पाहिजे आणि दुसऱ्या कोणी तरी त्याच्याकडे दीर्घकाळ लक्ष ठेवलेले असले पाहिजे. रुग्ण उपचारावाचून राहण्याची कारणे मात्र निरनिराळी असतात. कधी उपचारच ज्ञात नसतो. कधी ज्ञात उपचार रोगाहून घातक असतो. कधी उपचार उपलब्ध असूनही रुग्णापर्यंत पोहोचत नाही. आणि कधी तो बुद्धिपुरस्सर दिला जात नाही. ह्या चार कारणांत नैतिक दृष्ट्या महदंतर आहे. परंतु त्यांतून मिळणारी आकडेवारी कोष्टकात एकसारखीच दिसते. हे अंतर इतिहासात कसकसे प्रकट होत गेले, ह्याचा मुख्यतः उपदंशाच्या उदाहरणावरून विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

रोगाच्या क्रमाचे निरीक्षण प्राचीन आहे. हिपॉक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथसंग्रहातील साथीच्या रोगांवरील पुस्तकांपैकी पहिल्या व तिसऱ्या पुस्तकात मिळून बेचाळीस रुग्णांची टिपणे आहेत. ताप कोणत्या दिवशी चढला, कोणत्या दिवशी घाम आला, भ्रम केव्हा सुरू झाला, ह्यांची दिवसवार नोंद त्यांत आढळते. ह्या बेचाळिसांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण दगावले, हेही लेखकाने लपविलेले नाही. उपचारांचा उल्लेख मात्र क्वचितच येतो. पुढे काय घडणार हे आधी सांगता येणे ही तेथे वैद्याची प्रतिष्ठा आहे. जे बदलता येत नाही, त्याचा क्रम निदान ओळखता यावा, अशी ही दृष्टी म्हणता येईल.

भारतीय वैद्यकातही रोगाचा विचार कालक्रमाने केलेला आहे. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती ह्या निदानपंचकातील पूर्वरूप व संप्राप्ती ह्या दोन्ही संकल्पना काळावाचून संभवत नाहीत. परंतु ह्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय विवेचन सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात आहे. तेथे दोषांच्या वाढीच्या सहा अवस्था सांगितलेल्या आहेत : संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती आणि भेद. ह्यांपैकी रोग उघडपणे दिसतो तो पाचव्या अवस्थेत. म्हणजे व्यवहारात ज्यास रोगाचा आरंभ म्हणतात, तो ह्या मांडणीप्रमाणे रोगाच्या प्रवासाचा बराचसा भाग उलटल्यानंतरचा टप्पा होय.

ह्या अवस्थांमागील दोषविचार आधुनिक विकृतिशास्त्राशी जुळविण्याचा प्रयत्न अनेकदा झाला आहे. तो येथे अभिप्रेत नाही. दोहोंचा पाया भिन्न आहे. लक्षात घ्यावयाचा आहे तो ह्या अवस्थांना दिलेला शब्द. सुश्रुताने त्यांना ‘क्रियाकाल’ म्हटले आहे. क्रियाकाल म्हणजे चिकित्सेची वेळ. अवस्था ओळखावयाची ती त्या वेळी करावयाची चिकित्सा ठरविण्यासाठी. संचयाच्या वेळीच दोष आवरला तर तो पुढील गती घेत नाही, आणि पुढे पुढे तो अधिक बलवान होत जातो, असे तेथे सांगितलेले आहे. क्रमाचे ज्ञान व कृतीचा प्रसंग ह्या दोन गोष्टी ह्या संज्ञेत परस्परांपासून वेगळ्या काढलेल्या नाहीत. पुढील इतिहासात त्या वेगळ्या होत गेल्या, व त्याचे लाभही झाले आणि हानीही झाली.

३

युरोपात सतराव्या शतकात थॉमस सिडनॅम ह्या इंग्रज वैद्याने असे प्रतिपादन केले की, वनस्पतिशास्त्रज्ञ ज्या काटेकोरपणे वनस्पतींच्या जाती वर्णन करतो, त्याच काटेकोरपणे रोगांच्या जाती वर्णन केल्या जाव्यात. १६७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथामुळे रोग ही व्यक्तीहून निराळी, स्वतःचा ठराविक क्रम असलेली वस्तू आहे, हा विचार दृढ झाला. पुढे १७६१ मध्ये मोर्गान्यीने शवविच्छेदनाच्या आधारे लक्षणांचा संबंध अवयवांतील विकृतींशी जोडला. तथापि शव हे रोगाच्या शेवटाचे साक्षीदार असते. मधल्या काळाची साक्ष त्याच्याकडून पुरती मिळत नाही.

मधल्या काळाचा शोध घेण्यात एक मोठी अडचण होती. जवळजवळ प्रत्येक रुग्णावर काही ना काही उपचार होतच असत. रक्त काढणे, रेच देणे, वांती करविणे हे उपचार इतके सार्वत्रिक होते की, वैद्य ज्यास रोगाचा क्रम समजत होते तो बहुधा रोग व उपचार ह्यांचा संमिश्र क्रम होता. पॅरिसमध्ये पिएर लुई ह्याने १८३५ च्या आपल्या ग्रंथात फुफ्फुसदाहाच्या रुग्णांची गणना करून रक्तमोक्षणाचा लाभ समजला जातो त्याहून फार कमी आहे असे दाखविले. १८४९ मध्ये व्हिएन्नातील योझेफ डीट्ल ह्याने त्यापुढचे पाऊल टाकले. त्याने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे रक्त काढलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक-पंचमांश दगावले, तर केवळ पथ्यावर ठेवलेल्या रुग्णांत हे प्रमाण शेकडा सात-आठच होते.

ह्या निष्कर्षाचा अर्थ दुहेरी होता. एक तर उपचार न करणे हे रुग्णाच्या हिताचे असू शकते, हे सिद्ध झाले. दुसरे म्हणजे, उपचारांचे मूल्य ठरविण्यासाठी उपचाराविना रोगाचे काय होते हे आधी ठाऊक असले पाहिजे, ही जाणीव शास्त्राच्या पद्धतीत शिरली. पहिल्या अर्थाने वैद्यक नम्र झाले. दुसऱ्या अर्थाने त्याच्या हाती एक साधन आले. आणि कोणतेही साधन कोणाच्या हाती व कोणावर वापरले जाते, ह्यावर त्याचे स्वरूप अवलंबून असते.

४

रोगाच्या दीर्घ क्रमाचे उदाहरण म्हणून उपदंशाइतका उपयुक्त रोग दुसरा क्वचितच सापडेल. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो युरोपात साथीच्या रूपाने प्रकटला आणि लवकरच समुद्रमार्गाने हिंदुस्थानात पोहोचला. सोळाव्या शतकातील भावमिश्राने भावप्रकाशात त्याचे ‘फिरंग’ ह्या नावाने वर्णन केले, त्याचे बाह्य, आभ्यंतर व उभयविध असे प्रकार सांगितले आणि रसकर्पूर व चोपचिनी ह्यांचे उपाय दिले. ह्याच चोपचिनीविषयी गार्सिया द ऑर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या संवादग्रंथात विवेचन केले आहे. सुश्रुतातील ‘उपदंश’ हे नाव ह्या नव्या रोगास पुढे लावले गेले. मूळ संज्ञेचा अर्थ निराळा होता.

ह्या रोगाचा क्रम जुळविणे कठीण होते, कारण त्याच्या अवस्थांमध्ये वर्षानुवर्षांचे अंतर पडते. प्रथम एक वेदनारहित व्रण होतो आणि तो आपोआप भरून येतो. काही आठवड्यांनी अंगावर पुरळ उठते, तेही मावळते. मग दीर्घ शांतता. त्यानंतर दहा, वीस किंवा तीस वर्षांनी काहींच्या महारोहिणीला फुगवटा येतो, काहींचे पाय लटपटू लागतात, काहींची बुद्धी भ्रष्ट होते. तारुण्यातील व्रण आणि उतारवयातील वेड हे एकाच रोगाचे दोन टप्पे आहेत, हे एखाद्या वैद्याने आपल्या एका रुग्णावरून ओळखणे जवळजवळ अशक्य होते. फिलिप रिकॉर ह्याने १८३८ मध्ये उपदंश व परमा हे भिन्न रोग असल्याचे दाखविले. उपदंशाच्या प्राथमिक, द्वितीयक व तृतीयक अशा तीन अवस्थाही त्याच्याच विवेचनामुळे रूढ झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्फ्रेड फूर्निए ह्याने मज्जासंस्थेच्या विकारांशी त्याचा संबंध जोडला. १९०५ मध्ये शाउडिन व हॉफमन ह्यांनी सर्पिलाकृती जंतू शोधून काढला, १९०६ मध्ये वासरमनची रक्तपरीक्षा आली, आणि १९१३ मध्ये नोगुची व मूर ह्यांनी बुद्धिभ्रंश होऊन मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत तोच जंतू दाखविला. सुमारे पाऊणशे वर्षांच्या ह्या प्रयत्नाने साखळीचे दुवे जुळले.

तथापि एक प्रश्न शिल्लक होता. व्रण झालेल्या शंभर जणांपैकी किती जण शेवटच्या अवस्थेपर्यंत पोहोचतात? रुग्णालयात येतात ते पोहोचलेले. न पोहोचलेल्यांची गणना कोणी करीत नाही. ह्या प्रश्नाचे उत्तर नॉर्वेतून मिळाले.

५

क्रिस्टियानिया, म्हणजे आजचे ओस्लो, येथे सेसार बोक हा त्वचारोगांचा प्राध्यापक होता. त्या काळी उपदंशावर पाऱ्याचा उपचार सर्वत्र चाले. त्याने हिरड्या सुजत, दात पडत आणि मूत्रपिंडांना इजा होई. देहाची स्वतःची प्रतिकारशक्ती पाऱ्याने क्षीण होते, असे बोकचे मत होते. म्हणून १८९१ ते १९१० ह्या काळात त्याने सुमारे दोन हजार रुग्णांना पारा दिला नाही. दुसऱ्यांना संसर्ग होऊ नये म्हणून व्रण व पुरळ नाहीसे होईपर्यंत त्यांना रुग्णालयात ठेवून घेतले. १९१० मध्ये एर्लिखचे सल्व्हर्सन हे औषध आले आणि हा प्रघात थांबला.

बोकचा हेतू रोगाचा क्रम पाहण्याचा नव्हता. रुग्णास अपाय न करण्याचा होता. पुढे त्याचा शिष्य एडव्हिन ब्रूसगोर ह्याने ह्या रुग्णांपैकी ४७३ जणांचा माग काढून १९२९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर ट्रिग्वे येस्टलँड ह्याने सबंध सामग्रीची नव्याने छाननी करून १९५५ मध्ये विस्तृत प्रबंध लिहिला. त्यात असे दिसून आले की, सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांत द्वितीयक अवस्थेची लक्षणे पुन्हा उद्भवली. सुमारे एक-षष्ठांश रुग्णांना त्वचा, अस्थी इत्यादींचे सौम्य उत्तरकालीन विकार झाले. दहांपैकी एकास हृदय व रक्तवाहिन्यांचा विकार झाला. आणि शेकडा सहा-सात जणांची मज्जासंस्था बाधित झाली. बहुसंख्य रुग्णांना उत्तरकालीन उपद्रव झाला नाही. ह्या रोगाचा क्रम अटळ नसतो, तो अनेक फाटे फुटणारा असतो, हे ज्ञान ओस्लोच्या अभ्यासाने दिले.

ही सामग्री निर्दोष नव्हती. कित्येक रुग्णांचा पत्ता लागला नाही, आणि काहींनी नंतर अन्यत्र उपचार घेतलेच असणार. परंतु तिचा पाया प्रामाणिक होता. उपचार टाळला तो त्या काळच्या समजुतीप्रमाणे रुग्णाच्या हितासाठी. निरीक्षण झाले ते मागाहून.

६

ब्रूसगोरचा निबंध अमेरिकेत वाचला गेला आणि तेथे त्याचा वेगळाच उपयोग झाला. १९२९ पासून अलाबामा संस्थानातील मेकन परगण्यासह दक्षिणेतील काही भागांत रोझेनवॉल्ड निधीच्या साह्याने कृष्णवर्णीयांमधील उपदंशाची तपासणी व उपचार ह्यांचा उपक्रम सुरू झालेला होता. आर्थिक मंदीमुळे निधी आटला. तेव्हा सार्वजनिक आरोग्यसेवेतील डॉ. टॅलियाफेरो क्लार्क ह्यांनी असा विचार मांडला की, उपचार न झालेले रुग्ण येथे आयतेच आहेत, तर त्यांचा अभ्यास करावा. ओस्लोचे रुग्ण गौरवर्णीय होते. कृष्णवर्णीयांत हा रोग निराळा क्रम घेतो, त्यांच्या मज्जासंस्थेपेक्षा हृदयावर आघात करतो, असा समज तेव्हा वैद्यकात प्रचलित होता. १९३२ मध्ये टस्कीगी येथे आरंभिलेला हा अभ्यास काही महिन्यांचाच असावयाचा होता. तो चाळीस वर्षे चालला.

ह्या अभ्यासात उपदंश असलेले ३९९ आणि तुलनेसाठी निवडलेले, रोग नसलेले २०१ पुरुष होते. बहुतेक गरीब शेतमजूर व कुळे. त्यांना रोगाचे नाव सांगितले गेले नाही. ‘रक्त वाईट आहे’ एवढेच सांगितले गेले. पाठीच्या कण्यातून द्रव काढण्याची तपासणी ही विशेष मोफत उपचाराची संधी असल्याचे पत्राने कळविले गेले. मृत्यूनंतर शवविच्छेदनास संमती मिळावी म्हणून अंत्यविधीचा खर्च देण्याची व्यवस्था करण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीच्या वेळी ज्यांना उपचार सक्तीचे झाले असते, त्यांची नावे त्यातून वगळण्यात आली. १९४३ मध्ये पेनिसिलीनची उपदंशावरील उपयुक्तता दिसून आली व १९४७ च्या सुमारास ते सर्वत्र वापरले जाऊ लागले. ह्या पुरुषांना मात्र ते देण्यात आले नाही.

हे सर्व गुप्तपणे चालले होते असे नाही. १९३६ पासून ह्या अभ्यासाचे निबंध वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते आणि त्यांच्या शीर्षकांतच ‘उपचार न झालेला उपदंश’ असे शब्द होते. वाचकांपैकी फारच थोड्यांना त्यात काही गैर वाटले. १९६५ मध्ये अर्विन शाट्झ ह्या डॉक्टरने निषेधाचे पत्र लिहिले. त्यास उत्तर मिळाले नाही. आरोग्यसेवेतील एक कर्मचारी पीटर बक्स्टन ह्याने १९६६ पासून आक्षेप नोंदविले. १९६९ मध्ये तज्ज्ञांच्या मंडळाने अभ्यास चालू ठेवण्याचाच निर्णय दिला. अखेर जुलै १९७२ मध्ये जीन हेलर ह्या पत्रकार स्त्रीने वृत्तसंस्थेमार्फत ही हकीकत प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी अभ्यास बंद झाला. त्यानंतर १९७४ चा राष्ट्रीय संशोधन कायदा आणि १९७९ चा बेलमाँट अहवाल आला. १६ मे १९९७ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन ह्यांनी शासनाच्या वतीने क्षमायाचना केली.

शास्त्र म्हणूनही हा अभ्यास ढासळलेलाच होता. आरंभी अनेकांना थोडेफार सोमलयुक्त औषध व पारा दिला गेला होता; पुढे काहींनी बाहेरून पेनिसिलीन मिळविले. ज्या ‘स्वाभाविक’ क्रमासाठी एवढ्या माणसांचे आयुष्य खर्ची घातले, तो क्रम शुद्ध स्वरूपात तेथे नव्हताच. पण हा दोष दुय्यम होय. तो नसता आणि आकडे बिनचूक असते, तरी मूळ अन्याय तसूभरही कमी झाला नसता. ओस्लो व टस्कीगी ह्यांत कृती बाह्यतः एकच आहे : औषध न देणे. पहिल्या ठिकाणी वैद्य औषधाच्या अपायापासून रुग्णास वाचवीत होता. दुसऱ्या ठिकाणी रुग्णाला औषधापासून दूर ठेवून रोग वाचविला जात होता.

७

हा प्रकार वर्णभेदाच्या भूमीतच संभवतो, असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील स्त्रियांच्या रुग्णालयात हर्बर्ट ग्रीन ह्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे असे मत होते की, गर्भाशयमुखाच्या पृष्ठभागापुरती मर्यादित असलेली कर्कविकृती पुढे पसरणाऱ्या कर्करोगात परिणत होत नाही. १९६६ मध्ये रुग्णालयाच्या संमतीने त्याने अशा अनेक स्त्रियांना पूर्ण उपचार न देता केवळ तपासणीखाली ठेवले. त्यांना ह्याची कल्पना नव्हती. १९८४ मध्ये त्याच रुग्णालयातील सहकाऱ्यांनी विपरीत निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९८७ मध्ये सँड्रा कोनी व फिलिडा बंकल ह्यांनी एका मासिकातून हे प्रकरण लोकांपुढे आणले. आणि १९८८ मध्ये न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट ह्यांचा चौकशी अहवाल आला. ह्या स्त्रियांच्या माहितीची २००८ मध्ये पुन्हा छाननी झाली, तेव्हा अपुरा उपचार मिळालेल्यांत तीस वर्षांत सुमारे शेकडा एकतीस जणींना पसरणारा कर्करोग झाल्याचे दिसले. योग्य उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते.

ह्या रोगाची चाळणी तपासणी आज कोणत्या वयात व किती वर्षांच्या अंतराने करावी, हे ठरविताना रोगाच्या मंद गतीविषयीचे असे आकडे आधारास घ्यावे लागतात. जे ज्ञान मिळविणे अयोग्य होते, ते मिळाल्यावर नाकारता येत नाही, आणि त्याचा उगम विसरणेही योग्य नाही. ह्या पेचातून सुटका नाही.

८

भारतातील एक अभ्यास ह्याच संदर्भात विचारार्ह आहे. बंगलोरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने १९६१ ते १९६८ ह्या काळात बंगलोर जिल्ह्यातील खेड्यांत क्षयरोगाची पुनःपुन्हा पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. थुंकीत जंतू आढळलेल्या रुग्णांपैकी पाच वर्षांत सुमारे निम्मे मरण पावले, सुमारे एक-तृतीयांश जंतुमुक्त झाले, आणि उरलेले जवळजवळ एक-पंचमांश रोगी व संसर्गक्षम राहिले. क्षयरोगाचा स्वाभाविक क्रम म्हणून हे आकडे जगभर उद्धृत होतात. परंतु आयसोनियाझिड हे औषध १९५२ मध्येच आलेले होते, आणि घरी राहून घेतलेला औषधोपचार आरोग्यधामातील उपचाराइतकाच गुणकारी असतो, हे मद्रासच्या अभ्यासाने १९५९ मध्ये दाखविलेले होते. तेव्हा ह्या आकड्यांत क्षयजंतूच्या स्वभावाबरोबर आणखीही काही मोजले गेले आहे. खेड्यापासून औषधाचे अंतर किती होते, तेही त्यांत आहे. ज्यास निसर्गक्रम म्हटले जाते, त्यात समाजव्यवस्थेचा अंश नकळत मिसळलेला असतो.

इंग्लंडमधील जॉन राइल ह्यांनी १९३६ मध्ये ‘रोगाचा नैसर्गिक इतिहास’ ह्याच नावाने ग्रंथ लिहिला आणि पुढे ऑक्सफर्ड येथे सामाजिक वैद्यकाचे अध्यासन भूषविले. राइल ह्यांचा कल रुग्णाच्या परिस्थितीसह रोग पाहण्याकडे होता. आरंभी उल्लेखिलेली पाठ्यपुस्तकातील आकृती मात्र मुख्यतः लीव्हेल व गर्नी क्लार्क ह्या अमेरिकन ग्रंथकारांच्या १९५० नंतरच्या लेखनातून आलेली आहे. हे गर्नी क्लार्क व टस्कीगीच्या आरंभाशी निगडित असलेले टॅलियाफेरो क्लार्क ह्या दोन भिन्न व्यक्ती होत. ओस्लोच्या अभ्यासाचा इंग्रजी गोषवारा १९५५ मध्ये डानबोल्ट ह्यांच्यासह लिहिणारे ते हेच गर्नी क्लार्क. ज्या आकृतीवरून भारतातील विद्यार्थी रोगाचा क्रम शिकतात, तिच्यामागे बोकने पाऱ्यापासून वाचविलेले नॉर्वेतील रुग्णही उभे आहेत.

त्या आकृतीतील एक गोष्ट तिच्या टीकाकारांनीही मान्य करावयास हवी. लीव्हेल व क्लार्क ह्यांनी क्रमाच्या प्रत्येक टप्प्याखाली त्या त्या वेळी करावयाचा प्रतिबंध लिहिला : आरोग्यवर्धन, विशिष्ट संरक्षण, लवकर निदान व त्वरित उपचार, अपंगत्वास मर्यादा, पुनर्वसन. अवस्था आणि कृती ह्यांची जी फारकत टस्कीगीत पूर्ण झाली होती, ती येथे निदान कागदावर तरी मिटविलेली दिसते. सुश्रुताच्या सहा अवस्थांशी ह्या पाच पायऱ्यांचा शास्त्रीय संबंध काहीच नाही आणि तो जोडण्याचे प्रयोजनही नाही. परंतु ‘क्रियाकाल’ ह्या शब्दाने जी अपेक्षा व्यक्त झाली होती, ती दोन्हीकडे एकच आहे.

रोगाच्या क्रमाविषयीचे आकडे वापरणाऱ्या अभ्यासकाने म्हणून त्या आकड्यांना आणखी एक प्रश्न विचारावयास हवा. हे रुग्ण इतका काळ उपचारावाचून कसे राहिले? उत्तर चार कारणांपैकी कोणत्या कारणात बसते, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्यांचा अर्थ पुरता लागत नाही. हा प्रश्न केवळ नीतीच्या कक्षेतला आहे असे समजून विकृतिशास्त्राच्या किंवा साथरोगशास्त्राच्या वर्गाबाहेर ठेवण्याचा प्रघात आहे. परंतु १९३६ ते १९७२ ह्या छत्तीस वर्षांत टस्कीगीचे निबंध ज्या असंख्य तज्ज्ञांनी वाचले व बाजूस ठेवले, त्यांच्यापुढे आकडे होते, तक्ते होते आणि शीर्षकात सर्व काही लिहिलेले होते. त्यांनी विचारला नाही तो एवढाच प्रश्न होता.